संभाव्य उमेदवार आणि मतदारसंघाची रचना : मुळशी तालुक्यातील नेरे गावाच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

निवडणूक जवळ आली की संभाव्य उमेदवारांच्या नावांची चर्चा सुरू होते. वृत्तपत्रांतून याद्या प्रसिद्ध होतात, कार्यकर्ते आपापल्या नेत्याचे नाव पुढे करतात आणि मतदार त्यांतून अंदाज बांधतो. राज्यशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र 'कोण उभे राहणार?' या प्रश्नापेक्षा 'कोण उभे राहू शकते आणि हे कोण ठरविते?' हा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटावयास हवा. मतदारापुढे येणारी यादी ही मुळात गाळून आलेली यादी असते. मतदारसंघाची सीमा, कायदा, पक्ष आणि आघाडी या चार गाळण्यांतून ती जाते. या गाळण्यांचे कार्य प्रत्यक्षात कसे चालते, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील नेरे या गावाच्या आधारे केला आहे. लोकसभा आणि विधानसभा या दोन स्तरांपुरतेच हे विवेचन मर्यादित आहे.

पहिली गाळणी : मतदारसंघाची सीमा

नेरे हे हिंजवडी, मारुंजी, जांबे या गावांच्या परिसरातील गाव. ते भोर विधानसभा मतदारसंघात आणि बारामती लोकसभा मतदारसंघात येते. भोर मतदारसंघात भोर, राजगड (पूर्वीचा वेल्हे) व मुळशी हे तीन तालुके आहेत. तर बारामती लोकसभा मतदारसंघात बारामती, इंदापूर, दौंड, पुरंदर, भोर आणि खडकवासला हे सहा विधानसभा मतदारसंघ आहेत. नेऱ्यापासून बारामती शहर शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे. याउलट अगदी शेजारचे वाकड-पुनावळे हे पट्टे चिंचवड विधानसभा आणि मावळ लोकसभा मतदारसंघात मोडतात. एकाच रस्त्यावरून रोज कामाला जाणारे दोन शेजारी दोन निरनिराळे खासदार निवडतात, तो केवळ सीमारेषेचा परिणाम होय.

ही सीमारेषा फार जुनी नाही. पूर्वी मुळशी हा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ होता. २००४ मध्ये तेथून शिवसेनेचे शरद ढमाले निवडून आले होते. २००१ च्या जनगणनेवर आधारित पुनर्रचना २००८ मध्ये अमलात आली. तीत मुळशी मतदारसंघ संपुष्टात येऊन तालुका भोरला जोडला गेला. भोरचे प्रतिनिधित्व अनेक वेळा अनंतराव थोपटे यांनी केले होते. नव्या रचनेत २००९, २०१४ आणि २०१९ या तीनही निवडणुका त्यांचे पुत्र संग्राम थोपटे यांनी काँग्रेसतर्फे जिंकल्या. माजी आमदार ढमाले यांनी २०१४ मध्ये भारतीय जनता पक्षातर्फे भोरमधून निवडणूक लढविली. परंतु ते यशस्वी झाले नाहीत. मुळशीतील इच्छुकांची संख्या घटली नव्हती किंवा त्यांची योग्यताही उणावली नव्हती. जे क्षेत्र त्यांचे संपूर्ण कार्यक्षेत्र होते, ते एका मोठ्या क्षेत्राचा एक भाग बनले, एवढेच घडले होते.

दुसरी गाळणी : कायदा

कायद्याची गाळणी तुलनेने रुंद छिद्रांची आहे. लोकसभा व विधानसभा या दोहोंसाठी किमान वय २५ वर्षे आहे. सर्वसाधारण जागेवरून लोकसभा लढविणाऱ्याचे नाव देशातील कोणत्याही मतदारसंघाच्या यादीत असले तरी पुरते. विधानसभेसाठी ते त्याच राज्यातील मतदारयादीत असावे लागते. म्हणजेच 'उमेदवार आपल्या भागातील असावा' ही कायद्याची अट नाही. ती मतदारांची राजकीय अपेक्षा आहे. अनामत रक्कम लोकसभेसाठी २५,००० रुपये आणि विधानसभेसाठी १०,००० रुपये असून अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ती निम्मी आहे. एकूण वैध मतांच्या एक-षष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास पराभूत उमेदवाराची अनामत जप्त होते. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, तर अपक्षाला दहा सूचक लागतात. दोन वर्षे वा त्याहून अधिक कारावासाची शिक्षा झाल्यास शिक्षेचा काळ व त्यानंतरची सहा वर्षे अपात्रता राहते.

कायद्याने दार उघडे ठेवले असले तरी खर्च ते अरुंद करतो. निवडणूक आयोगाने २०२२ मध्ये महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यांसाठी खर्चमर्यादा लोकसभेकरिता ९५ लाख आणि विधानसभेकरिता ४० लाख रुपये अशी वाढविली. ही मर्यादा खर्चाला आळा घालण्यासाठी असली, तरी कोणत्या आकड्यापर्यंत स्पर्धा जाऊ शकते हेही ती सुचविते. ग्रामपंचायत गाजविलेला कार्यकर्ता विधानसभेच्या उंबरठ्यावर का थबकतो, याचे एक उत्तर येथे सापडते.

तिसरी गाळणी : पक्ष

अमेरिकेत काँग्रेसच्या निवडणुकीसाठी पक्षांचे उमेदवार सामान्यतः प्राथमिक निवडणुकांतून, म्हणजे मतदारांच्या मतदानाने ठरतात. आपल्याकडे हा अधिकार पक्षश्रेष्ठींकडे असतो. उमेदवाराला चिन्ह मिळते ते पक्षाने दिलेल्या 'ए' व 'बी' अर्जांमुळे, स्थानिक शाखेच्या ठरावामुळे नव्हे. २०१४ मध्ये काँग्रेसने मोजक्या लोकसभा मतदारसंघांत पक्षांतर्गत मतदानाने उमेदवार निवडण्याचा प्रयोग केला; त्यात महाराष्ट्रातील वर्धा व लातूर यांचा समावेश होता. दोन्ही ठिकाणी पक्षाचा पराभव झाला आणि प्रयोग रुजला नाही. पराभवाचे कारण निवडपद्धतीत नसून त्या वर्षीच्या देशव्यापी वाऱ्यात अधिक होते, हे लक्षात घेता तो प्रयोग पुरेसा तपासला गेला असे म्हणता येत नाही.

चौथी गाळणी : आघाडी

आघाड्यांच्या राजकारणात जागा आधी पक्षाला सुटते, उमेदवार नंतर ठरतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी, ६ फेब्रुवारी रोजी, निवडणूक आयोगाने राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाचे नाव व घड्याळ हे चिन्ह अजित पवार यांच्या गटाला दिले. त्यानंतर बारामतीत महायुतीतर्फे सुनेत्रा पवार आणि महाविकास आघाडीतर्फे सुप्रिया सुळे अशी लढत झाली. तत्पूर्वी पुरंदरचे विजय शिवतारे यांनी महायुतीतील घटक पक्षात असूनही आपण बारामतीतून लढणार असे जाहीर केले होते. मार्चअखेरीस त्यांनी माघार घेतली. सुळे १,५८,३३३ मतांनी विजयी झाल्या. भोर विधानसभा क्षेत्रातही त्यांना आघाडी मिळाली होती.

सहा महिन्यांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, त्याच भोर क्षेत्रात चित्र पालटले. महाविकास आघाडीचे संग्राम थोपटे चौथ्यांदा उभे होते. त्यांच्यासमोर मुळशी तालुक्यातील शंकर मांडेकर होते. ते शिवसेना ठाकरे गटातून ऐनवेळी राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये आले आणि उमेदवार झाले. महायुतीतील कुलदीप कोंडे व किरण दगडे या इच्छुकांनी अपक्ष म्हणून निवडणूक लढविली. तरीही मांडेकर १९ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. राज्यभरातील महायुतीची लाट हे त्याचे एक कारण निश्चितच होते. परंतु २००८ ची पुनर्रचना २००१ च्या लोकसंख्येवर आधारलेली होती आणि त्यानंतर हिंजवडी माहिती तंत्रज्ञान उद्यानामुळे पूर्व मुळशीची वस्ती झपाट्याने वाढली, ही बाबही दुर्लक्षिता येणार नाही. सीमारेषेने मुळशीला गौण ठरविले. वाढत्या वस्तीने त्या गौणत्वाला धक्का दिला.

पुढे एप्रिल २०२५ मध्ये थोपटे यांनी भारतीय जनता पक्षात प्रवेश केला. परिणामी २०२४ चे विजेते व पराभूत असे दोन्ही प्रमुख उमेदवार एकाच आघाडीच्या घटक पक्षांत आले. पुढील निवडणुकीत आघाडी टिकली तर त्यांपैकी एकाला जागा सोडावी लागेल. आघाडी मोडली तर लढत पुन्हा होऊ शकेल. भोरमधील संभाव्य उमेदवारांची यादी अशा प्रकारे नेरे वा भोर येथे नव्हे, तर मुंबईतील जागावाटपाच्या बैठकीत आकार घेईल.

येऊ घातलेले दोन बदल

२०२३ मध्ये संमत झालेल्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा व विधानसभांत महिलांसाठी एक-तृतीयांश जागा राखीव ठेवल्या. त्या कायद्यातील मूळ तरतुदीप्रमाणे हे आरक्षण त्यानंतरच्या पहिल्या जनगणनेवर आधारित पुनर्रचना झाल्यावर लागू व्हावयाचे आहे. १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक असलेल्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली. महाराष्ट्राच्या ४८ लोकसभा जागा कायम धरल्यास एक-तृतीयांश म्हणजे १६ जागा होतात. २०२४ मध्ये राज्यातून सात महिला लोकसभेवर निवडून गेल्या आणि त्यांपैकी किमान पाच जणी प्रस्थापित राजकीय घराण्यांतील होत्या. बारामतीत तर २०१९ व २०२४ या दोन्ही वेळी प्रमुख लढत दोन महिलांमध्येच झाली. पण त्या सर्व उमेदवार राजकीय कुटुंबांतीलच होत्या. आरक्षण जागा देईल. नव्या इच्छुक महिलांना त्या जागेपर्यंत पोहोचविण्याचे काम पक्षाच्या गाळणीलाच करावे लागेल.

दुसरा बदल नेऱ्याशी थेट संबंधित आहे. हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे, जांबे, सांगवडे व गहुंजे ही गावे पिंपरी-चिंचवड महापालिकेत समाविष्ट करण्याचा प्रस्ताव गेल्या दशकापासून चर्चेत राहिला आहे. महापालिकेत गेल्याने विधानसभा मतदारसंघ आपोआप बदलत नाही. मात्र पुनर्रचना करताना प्रशासकीय सीमा विचारात घेतल्या जातात. त्यामुळे नेरे भविष्यात ग्रामीण मतदारसंघात राहील की नागरी, यावर तेथे रस्ता, पाणी व कचरा हे प्रश्न घेऊन उभा राहणारा उमेदवार पुढे येईल की शेती व धरणग्रस्तांचे प्रश्न मांडणारा, हे अवलंबून राहील.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, उमेदवारीची संधी व्यक्तीच्या कर्तृत्वाइतकीच सीमारेषेवर अवलंबून असते. दुसरी, कायदा बहुतेकांना पात्र ठरवितो, परंतु पक्ष व आघाडी मोजक्यांनाच संधी देतात. तिसरी, मतदाराचा खरा प्रभाव मतदानाच्या दिवसाइतकाच पुनर्रचनेच्या मसुद्यावर हरकती घेण्याच्या मुदतीतही असतो. दुर्दैवाने ती मुदत बहुतांश गावांत नकळत निघून जाते.

विजेते व पराभूत यांची नोंद निवडणूक आयोगाकडे कायम राहते. इच्छुक होते पण उमेदवार झाले नाहीत, त्यांची नोंद कोठेच होत नाही. ग्रामीण महाविद्यालयांतील राज्यशास्त्र विभागांनी आपापल्या विधानसभा क्षेत्रातील इच्छुकांची, त्यांच्या गावांची व माघारीच्या कारणांची नोंद प्रत्येक निवडणुकीत ठेवली, तर गाळण्यांचे कार्य कसे चालते याचे विश्वसनीय साधन उपलब्ध होईल. पुनर्रचनेपूर्वीची निवडणूक ही अशा नोंदीस प्रारंभ करण्याची योग्य वेळ आहे. कारण सीमा बदलल्यानंतर तुलनेसाठी आजचे चित्र पुन्हा उभे करता येणार नाही.