प्रोटॉनच्या पोटात इलेक्ट्रॉन

मारा इलेक्ट्रॉनचाच का?

दृश्य प्रकाशाची तरंगलांबी प्रोटॉनच्या आकाराच्या कोट्यवधी पट असते, त्यामुळे त्याने प्रोटॉनच्या आतलं काही दिसणं शक्य नाही. इलेक्ट्रॉनची ऊर्जा वाढवत नेली की त्याची तरंगलांबी आखूड होते आणि बारीक तपशील उलगडू लागतो. शिवाय प्रोटॉनला बांधून ठेवणारं तीव्र बल इलेक्ट्रॉनला लागू होत नाही, आणि त्याला स्वतःला अंतर्गत रचना असल्याचं आजवर आढळलेलं नाही. प्रोटॉनवर प्रोटॉन आदळला तर कुणाचं काय मोडलं हे शोधण्यातच दमछाक व्हावी!

बिंदू नव्हे

प्रोटॉन साधा बिंदू नसावा, ही शंका जुनीच. 1933 मध्ये ओटो स्टर्न आणि सहकाऱ्यांना त्याचं चुंबकत्व अपेक्षेच्या अडीच-तीन पट आढळलं होतं. पुरावा मिळाला तो 1950च्या दशकाच्या मध्यावर, स्टॅनफर्डमध्ये. रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी हायड्रोजनवर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला आणि कोणत्या कोनात किती इलेक्ट्रॉन विखुरतात ते मोजलं. प्रोटॉन बिंदू असता तर मोठ्या कोनांत जितके यायला हवेत, त्याहून ते कमी आले. या तुटीवरून त्रिज्या निघाली सुमारे 0.8 फेम्टोमीटर; एक फेम्टोमीटर म्हणजे मिलिमीटरचा एक लाख कोटीवा भाग. 1961चं नोबेल त्यांना मिळालं.

आत कठीण कण

हॉफस्टॅटर यांच्या प्रयोगांत प्रोटॉन अभंग राहत होता. स्टॅनफर्डजवळच्या स्लॅक प्रयोगशाळेतल्या सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या त्वरकाने तो फोडला. 1967च्या सुमारास जेरोम फ्रीडमन, हेन्री केंडल आणि रिचर्ड टेलर यांच्या गटांनी 20 गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचे इलेक्ट्रॉन वापरले. प्रोटॉन हा विद्युतभाराचा मऊ, पसरट ढग असेल, तर जोराचा धक्का बसूनही इलेक्ट्रॉन फार वळू नयेत. प्रत्यक्षात मोठ्या कोनांत वळलेल्यांची संख्या अंदाजाहून कितीतरी जास्त निघाली. आत बिंदूवत काहीतरी आहे, असाच त्याचा अर्थ. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन अशा कणांना ‘पार्टॉन’ म्हणत. 1964 मध्ये मरे गेल-मान आणि जॉर्ज त्स्वाइग या भौतिकशास्त्रज्ञांनी कागदावर मांडलेले क्वार्क ते हेच, हे पुढे स्पष्ट झालं. तोवर क्वार्क म्हणजे गणिताची सोय, असं मानणारे पुष्कळ होते. माझ्या मते या साऱ्या कथेतलं खरं वळण हेच. त्याचं नोबेल यायला मात्र 1990 उजाडलं.

हिशेबातली निम्मी तूट

क्वार्कांच्या संवेगाची बेरीज केली तर ती प्रोटॉनच्या एकूण संवेगाच्या जेमतेम निम्मी भरते. उरलेला वाटा क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑन या कणांचा. त्यांना विद्युतभार नसल्याने इलेक्ट्रॉनशी त्यांची थेट गाठ पडत नाही. हॅम्बुर्गच्या हेरा यंत्रात 1992 ते 2007 या काळात इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉनचे झोत एकमेकांवर आदळवले गेले. क्वार्कांची संख्या धक्क्याच्या तीव्रतेनुसार कशी बदलते, यावरून ग्लुऑनांचा अंदाज घेता आला. संवेगाचा वाटा जितका लहान, तितकी त्यांची गर्दी दाट निघाली.

त्रिज्येचा वाद

2010 मध्ये म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद, वापरून केलेल्या मोजणीत त्रिज्या 0.84 फेम्टोमीटर आली. तेव्हा रूढ आकडा 0.88च्या आसपास होता. चार टक्क्यांच्या या फरकाने खळबळ उडाली. अमेरिकेच्या जेफरसन प्रयोगशाळेने पुन्हा इलेक्ट्रॉनच विखुरून 2019 मध्ये आपलं उत्तर दिलं: 0.831.