ट्रकच्या किल्लीआधीचे पंधरा प्रश्न

व्यापारी घरात तिजोरीची किल्ली कोणाच्या हाती द्यावी, याचा विचार पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे. माणसाची पारख, त्याचे घर, त्याचा हिशेब, सारे तपासल्याशिवाय ती किल्ली सुटत नाही. मात्र लाखो रुपयांच्या मालाने भरलेल्या गाडीची किल्ली आपण कित्येकदा ‘गाडी चालवता येते ना?’ एवढ्या एका प्रश्नावर देऊन टाकतो. त्या गाडीपुढे रस्त्यावर माणसे असतात, शाळेतून परतणारी मुले असतात, हे त्या घाईत आपल्या ध्यानी राहत नाही.

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे, पेल्हार या भागांत आपल्या समाजातील अनेकांचे गाळे व गोदामे आहेत. शेजारून मुंबई–अहमदाबाद महामार्ग जातो. या राष्ट्रीय महामार्गाचा क्रमांक ४८, आणि वसईत नोंदलेल्या वाहनांच्या पाटीवरही ‘एमएच ४८’च. या भागाचा व्यापार चाकांवर चालतो आणि ती चाके चालकाच्या हाती असतात.

आमच्या गोदामात माल चढविणारा, गाडीसोबत सहायक म्हणून जाणारा एक एकवीस वर्षांचा तरुण आहे. गेल्या वर्षी तो माझ्या वडिलांना म्हणाला, “शेठ, मला ट्रक चालवायला शिकायचे आहे. परवाना काढायचा आहे.” दिवाळीचे दिवस तोंडावर होते, मालाची मागणी वाढली होती आणि आमचा एक चालक गावी गेला होता. मला हे बोलणे सोयीचेच वाटले. चौकशी करताना एक मध्यस्थ भेटला. “मुलगा परीक्षेला बसला नाही तरी चालेल, उत्तरे आम्ही भरू,” असे त्याने सहज सांगितले. महाराष्ट्रात २०२१ पासून आधारच्या साहाय्याने शिकाऊ परवान्याची परीक्षा घरबसल्याही देता येते. नागरिकांसाठी केलेल्या त्या सोयीतूनच त्याने ही पळवाट काढली होती. खरे सांगायचे तर क्षणभर मी मोहात पडलो.

वडिलांनी मात्र स्पष्ट नकार दिला. ते म्हणाले, “खोट्या वजनाने माल विकत नाही आपण. मग खोट्या परीक्षेने माणूस रस्त्यावर कसा सोडायचा?”

या परीक्षेत असते तरी काय? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार शिकाऊ परवान्यासाठी प्राथमिक चाचणी द्यावी लागते. आपल्याकडे संगणकाच्या पडद्यावर पंधरा प्रश्न येतात आणि किमान नऊ अचूक सोडवावे लागतात. मराठीतही ती देता येते. वाहतुकीची चिन्हे, रस्त्याचे नियम, अपघातप्रसंगी चालकाची कर्तव्ये, गाडीत बाळगायची कागदपत्रे हे तिचे विषय. लाल काठाचा त्रिकोण सावध करतो, वर्तुळातील चिन्ह बहुधा आज्ञा देते, निळा आयत माहिती सांगतो. अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी. पांढरी काठी घेतलेली व्यक्ती रस्ता ओलांडत असेल तर गाडी थांबवावी. वाचताना हे सोपे वाटते, पण ज्याची शाळा सातवीत सुटली त्याला पडद्यावरची मोजकी सेकंदे फार लवकर संपतात.

पूर्वी परिवहन वाहन चालविण्यासाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती. २०१९ मध्ये ती काढून टाकण्यात आली. त्यामुळे अशा तरुणांना दार उघडले, पण नियम समजून घेण्याची जबाबदारी काही कमी झाली नाही.

दुपारी गिऱ्हाईक कमी असताना गल्ल्याजवळ त्याचा अभ्यास सुरू झाला. माझी पत्नी चिन्हांचा तक्ता समोर ठेवून त्याला विचारी. पहिल्या वेळी त्याची सातच उत्तरे बरोबर आली. दोन दिवस तो कोणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तक्ता घेऊन स्वतःच गल्ल्याजवळ येऊन बसला. चौकीदार नसलेल्या रेल्वे फाटकाचा प्रश्न आला तेव्हा मात्र तो हसला. अशी फाटके आता जवळजवळ नाहीशी झाली आहेत, पण कायदा सांगतो की तिथे चालकाने गाडी थांबवावी आणि सहायकाने उतरून, फाटकापर्यंत चालत जाऊन गाडी येत नाही ना ते पाहावे. “हे तर माझेच काम!” तो म्हणाला. आपले काम कायद्याच्या पुस्तकातही आहे, हे त्याला त्या दिवशी प्रथमच कळले. दुसऱ्या खेपेस त्याची बारा उत्तरे बरोबर आली.

एका प्रश्नावर आमची बराच वेळ चर्चा झाली. अपघात झाला तर चालकाने काय करावे? कायद्याचे उत्तर सरळ आहे : जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यावी आणि पोलिसांना कळवावे. “पण जमावाने मारले तर?” त्याने विचारले. जानेवारी २०२४ मध्ये नव्या न्यायसंहितेतील कठोर तरतुदीविरुद्ध देशभरातील ट्रकचालकांनी चाके थांबविली होती आणि पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या होत्या, हे आपल्याला आठवत असेल. त्या रोषामागे हीच भीती होती. आम्ही त्याला एवढेच सांगितले की जीव धोक्यात असेल तर जवळच्या पोलीस चौकीत जा, पण गप्प राहून पळू नकोस. पहिला फोन पोलिसांना आणि दुसरा आम्हाला कर, आम्ही येऊ. मालकाचे हे आश्वासन कोणत्याही प्रश्नपत्रिकेत नसते, पण त्याच्यावाचून ते उत्तर अपुरे राहते.

पुढचा मार्गही ठाऊक असावा. शिकाऊ परवान्यानंतर तीस दिवसांनी प्रत्यक्ष वाहन चालविण्याची चाचणी देता येते. हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष असल्याशिवाय आणि वयाची वीस वर्षे पूर्ण झाल्याशिवाय जड मालवाहू वाहन शिकण्याचा परवाना मिळत नाही. वैद्यकीय दाखला व प्रशिक्षण केंद्राचे प्रमाणपत्रही लागते. छोट्या टेम्पोंबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी खुलासा केला : मालासह एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असलेले मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालविता येते. त्याहून मोठ्या ट्रकला ही मुभा नाही. विनापरवाना माणसाच्या हाती गाडी देणाऱ्या मालकाला ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो, आणि विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करू शकते.

चालकाची परीक्षा शासन घेते. मालकाची कोण घेणार? आपल्या शास्त्रकारांनी अहिंसा अणुव्रताच्या अतिचारांत ‘अतिभारारोपण’ आणि ‘अन्नपाननिरोध’ हे दोन दोष सांगितले आहेत : शक्तीबाहेर भार लादणे आणि अन्नपाणी रोखणे. तेव्हा गाड्यांना बैल होते, आज इंजिने आहेत. पण क्षमतेहून दोन टन अधिक भरताना आणि ‘रात्रीतून सुरतेला पोहोच’ असे बजावताना भार शेवटी एका माणसाच्या डोळ्यांवरच येतो. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती. त्यामागचा विचार आपल्याला परका नसावा.

त्या दिवाळीत आमचा माल चार दिवस उशिरा पोहोचला, दोन गिऱ्हाइके नाराज झाली. आज तो तरुण आमचा छोटा टेम्पो चालवितो आणि जड वाहनासाठी वर्ष पुरे होण्याची वाट पाहतो. प्रथम किल्ली देताना वडिलांनी त्याचा परवाना हातात घेऊन तारखेसह वाचला, वहीत नोंद केली आणि मगच किल्ली पुढे केली. आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आमच्या पेढीवर सर्व चालकांचे परवाने व त्यांच्या मुदती अशाच पाहिल्या जातात. आपल्या पेढीवरही ही एक वही उघडावी, एवढीच विनंती.