दाढेच्या मुळातली धुलाई

रूट कॅनाल म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती बारीक, पिळदार फाइल. तिनं नस ओढून काढली की काम फत्ते, अशी आपली समजूत. पुण्यातल्या एका दवाखान्यात खुर्चीमागे उभं राहून खालच्या पहिल्या दाढेचं काम पाहिलं आणि ती समजूत गेली. फाइल नुसती वाट करून देते. साफसफाई सिरिंजमधलं औषध करतं, आणि त्या दुपारी डॉक्टरबाईंच्या हातात फाइलपेक्षा सिरिंजच जास्त वेळ होती.

खुर्चीत साठीतले काका होते. दाढेतली नस कधीच मेली होती, मुळाशी पू झाला होता. "दुखलं तर डावा हात वर करा हं काका," एवढं सांगून बाईंनी दाढेला क्लॅम्प लावला आणि त्यावर निळा रबर डॅम ताणून बसवला. आता तोंड झाकलेलं, फक्त दाढेचा माथा वर. थुंकीतले जंतू दाढेत जाऊ नयेत आणि दाढेतलं औषध घशात जाऊ नये, अशी दुहेरी सोय. वेळ वाचवायला काही ठिकाणी डॅमला फाटा देतात. माझ्या मते तिथूनच उठून यावं.

औषधाची बाटली उघडली आणि ओळखीचा वास आला. गावच्या विहिरीत टीसीएल पावडर टाकल्यावर येतो, तोच. त्या पावडरीत कॅल्शियम हायपोक्लोराइट असतं, इथं सोडियम हायपोक्लोराइट, तीन टक्क्यांचं. पहिल्या महायुद्धात हेन्री डेकिन आणि अलेक्सिस कॅरेल यांनी सैनिकांच्या चिघळलेल्या जखमा अर्ध्या टक्क्याच्या द्रावणानं धुतल्या. रबरी नळ्यांतून ठरावीक तासांनी ताजं द्रावण सोडत राहायचं, ही त्यांची पद्धत. कारण मेलेल्या मांसाला भिडलं की यातला क्लोरीन तिथंच खर्ची पडतो. आत साचून राहिलेलं औषध थोड्या वेळानं निकामी होतं. दाढेतही हाच नियम.

सुई ३० गेजची, म्हणजे बाहेरून जेमतेम ०.३ मिलिमीटर. फाइलनं कॅनाल रुंद केल्याशिवाय ती खाली उतरतच नाही. तिचं टोक बंद आणि भोक बाजूला. मुळाच्या शेवटापासून दोन मिलिमीटर अलीकडे थांबण्यासाठी तिच्यावर खूण केलेली. बाई अंगठ्यानं नव्हे, तर्जनीनं दट्ट्या दाबत होत्या आणि सुई सतत वरखाली हलवत होत्या. सुई कॅनालमध्ये घट्ट अडकली आणि जोर लावला, तर औषध मुळाच्या टोकातून हाडात घुसतं. मग जीवघेणी आग होते, आणि बघता बघता गाल सुजून काळानिळा पडतो. म्हणून "मी ढकलत नाही, वाहू देते," असं त्या म्हणाल्या. आधी गढूळ फेस वर आला, सक्शननं तो ओढला. पुन्हा ताजं औषध, पुन्हा फेस. बऱ्याच वेळानं वर येणारं द्रावण स्वच्छ दिसू लागलं.

एवढा खटाटोप कशासाठी? १९६५ साली अमेरिकेत उंदरांच्या दाढा मुद्दाम नसेपर्यंत उघड्या केल्या होत्या. साध्या उंदरांची नस कुजली, जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्यांची भरून आली. म्हणजे भांडण जंतूंशी आहे. आणि फाइल त्यांच्यापर्यंत पुरती पोचत नाही. ज्यूरिखच्या संशोधकांनी २००१ साली वरच्या दाढांचे सूक्ष्म सीटी स्कॅन काढले, तेव्हा तपासलेल्या प्रत्येक तऱ्हेच्या फाइलनं कॅनालच्या भिंतीचा ३५ टक्के किंवा जास्त भाग अस्पर्शितच ठेवलेला आढळला. काकांच्या दाढेच्या पुढच्या मुळात दोन कॅनाल होते. अशा दोन कॅनालांमध्ये बहुधा पापुद्र्याएवढी फट असते. तिथं शिरलं तर द्रवच शिरणार.

तोही आपण होऊन शिरत नाही. खाली टोकाशी हवेचा बुडबुडा अडतो. म्हणून बारीक अल्ट्रासॉनिक टिप आत सोडून वीस-वीस सेकंद औषध थरथरवलं. फाइलच्या घासण्यानं भिंतीवर जी चिकट भुकटी बसते, तिच्यातल्या खनिजाला हायपोक्लोराइट दाद देत नाही. तिच्यासाठी १७ टक्के ईडीटीए, मिनिटभर. मग पुन्हा हायपोक्लोराइट. क्लोरहेक्सिडिनची सिरिंज वेगळ्या रंगाची पट्टी लावून लांब ठेवलेली, कारण ते आणि हायपोक्लोराइट एकत्र आले की तपकिरी गाळ धरतो आणि कॅनाल बुजतो.

काकांनी घड्याळाकडे बघून डोळे मिटले. या सगळ्या वेळात त्यांना काहीच जाणवत नव्हतं.

शेवटी कागदाच्या बारीक काड्या आत घालून कॅनाल टिपले. मागच्या मुळातली काडी टोकाशी ओली आली. दुसरी घातली, तीही ओली. बाईंनी कॅनाल भरायच्या गुट्टा-पर्चाचा डबा बाजूला सारला आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पेस्ट मागवली.

"आज भरून टाकणार होतात ना?" डॅम निघाल्यावर काकांनी विचारलं.

"खालून अजून पाझरतंय काका. पुढच्या बुधवारी या, परत धुऊ."