कोबुर्गच्या ढालीवरचा काळा संत

जर्मनीत, बव्हेरियाच्या उत्तर टोकाला कोबुर्ग नावाचं छोटं शहर आहे. राणी व्हिक्टोरियाचा नवरा आल्बर्ट इथल्याच राजघराण्यातला. त्याचा पुतळा मुंबईत भाऊ दाजी लाड संग्रहालयात उभा आहे. राजघराण्याचं गाव म्हटल्यावर नगरचिन्हावर मुकुट किंवा सिंह असेल असं वाटतं. पण सोनेरी ढालीवर आहे एका काळ्या माणसाचं मस्तक. कुरळे केस, लाल ओठ, कानात सोन्याची बाळी. रस्त्यातल्या गटारांच्या झाकणांवरही तोच चेहरा.

हा गावाचा रक्षक, संत मॉरित्स. आख्यायिकेनुसार तो इजिप्तमधल्या थीब्जहून आलेल्या रोमन पलटणीचा सरदार. ख्रिस्ती बांधवांवर शस्त्र उचलायला त्याने नकार दिला, म्हणून तिसऱ्या शतकाच्या अखेरीस, आजच्या स्वित्झर्लंडमध्ये, त्याला सैनिकांसकट मारलं. माग्देबुर्गच्या कॅथीड्रलमध्ये १२४० च्या सुमारास घडवलेला त्याचा पुतळा आहे. साखळीचं चिलखत ल्यालेला, स्पष्ट आफ्रिकन चेहऱ्याचा योद्धा. हा काळा मॉरित्स पुढे जर्मन मुलखात चांगलाच रुळला.

कोबुर्गकरांची भक्ती मात्र सोवळी नाही. नगरभवनाच्या माथ्यावर मॉरित्सचा पुतळा आहे. त्याच्या हातातल्या दंडावरून गावच्या भाजक्या सॉसेजची लांबी ठरते, असं ते सांगतात. त्या पुतळ्याचं लाडकं नावही सॉसेजवरूनच पडलंय. सॉसेज भाजायचं तेही पाइनच्या शंकूंच्या विस्तवावर.

याच गावाने १९२९ साली नगरपरिषदेत नाझी पक्षाला स्पष्ट बहुमत दिलं, तेही जर्मनीत सर्वांत आधी. मग काळं मस्तक सत्ताधाऱ्यांच्या डोळ्यांत खुपणारच. १९३४ साली त्याची उचलबांगडी झाली आणि ढालीवर तलवार आली, मुठीवर स्वस्तिक असलेली. १९४५ मध्ये नाझी गेले, मॉरित्स परतला.

२०२० साली पुन्हा वाद पेटला. हे चित्र वंशद्वेषी आहे, ते बदला, अशी मागणी झाली. लगेच चिन्हाच्या बाजूनेही सह्यांची मोहीम निघाली. नाझींनी हाकललेल्या संताला आता वंशद्वेषाच्याच नावाखाली घालवायचं, हे अनेकांना पटेना. त्यांचं म्हणणं खरं आहे, पण अर्धंच. ढालीवरच्या चेहऱ्याला ना चिलखत आहे ना तेजोवलय. संताची खूण पुसून उरलेत ते जाड ओठ आणि बाळी, म्हणजे युरोपने रंगवलेला ठरावीक ‘हबशी’. मॉरित्सला हलवायचं काही कारण नाही. चित्रकार तेवढा बदलावा, आणि नमुना म्हणून त्याला माग्देबुर्गचा पुतळा दाखवावा.