शाळेची ओसाड बाग : एक निसर्गपाठ

भाद्रपद संपून आश्विन लागला की पावसाचा जोर ओसरतो आणि जिल्ह्याला तुळजापूरच्या नवरात्राचे वेध लागतात. याच सुमारास पुष्कळ शाळांच्या बागेत लावलेली रोपे दिसेनाशी होऊन गुडघाभर रान माजलेले असते. ते पाहून शिक्षकाने लगेच विळा हाती घेऊ नये. तण काढण्यापूर्वीचे आठ दिवस निसर्गाभ्यासास फार उपयोगी पडतात. कारण फूल, कोवळे फळ व पक्व बी ही तिन्ही या दिवसांत एकत्र पाहावयास सापडतात.

प्रत्येक झाडापाशी मुलांना एकच प्रश्न विचारावा : याचे बी पुढे कसे पसरते? आघाडा मुलांना गणपतीच्या पत्रीमुळे ठाऊक असतो. त्याची टोकदार फळे खाली वळलेली असतात व जाता-येता कपड्यांस चिकटतात. एकदांडीच्या बीला केसांचा झुबका असतो; फुंकर घालताच ते उडते. टाकळ्याच्या लांब, बारीक शेंगांत बिया भरलेल्या असतात. त्याची पाने सायंकाळी मिटतात, हेही मुलांना पाहण्यास सांगावे.

केना सर्वांत नवलाचा. तो माती सैल करून हलकेच उपटावा. जमिनीखालच्या पांढुरक्या फांद्यांवर न उमलणारी फुले येतात व त्यांतही बी धरते. शिवाय ओल्या मातीत पडलेला कांड्याचा तुकडाही मूळ धरतो. वरवर खुरपलेला केना शेतात पुन्हा का माजतो, याचे उत्तर शेतकऱ्याच्या मुलास येथे मिळते.

दोन झाडांविषयी दक्षता बाळगावी. काटेरी फळाचा धोतरा सर्वांगी विषारी आहे. त्याच्या बिया मुलांनी हाताळू नयेत. गाजरगवत मूळचे अमेरिका खंडातील. १९५५-५६ च्या सुमारास ते पुण्यात आढळले आणि पुढे देशभर पसरले. त्याच्या संसर्गाने अंगास खाज सुटते व परागाने श्वासाचा विकार बळावतो. ते मुलांकडून उपटवू नये. मोठ्यांनी हातमोजे घालून, फुलण्यापूर्वीच मुळासकट काढावे.

निरीक्षण संपताच, बी गळण्यापूर्वी, बाग साफ करावी. मात्र गाजरगवत व धोतरा काढून हातभर लांबी-रुंदीचा एक चौकोन तसाच राखावा व शेजारी तेवढाच चौकोन साफ केलेला असावा. पुढील पावसाळ्यात दोन्हींतील रोपे मुलांनी मोजावीत. वेळेवर केलेल्या खुरपणीचे मोल त्यांना निराळे सांगावे लागणार नाही.