पियानोपाशी बसलेली माणसं

जाझचा आढावा म्हटला की आमच्या लेखकांची गाडी न्यू ऑर्लिन्सहून सुटते ती लुई आर्मस्ट्राँगच्या ट्रम्पेटपाशी थांबते. मग एलिंग्टन, पार्कर, माइल्स डेव्हिस. ही नावं वाचकांना पाठ आहेत. स्विंगच्या काळातल्या बड्या बँडांवर आणि नंतरच्या फ्यूजनवरही ढीगभर छापून आलं आहे, तेव्हा तिकडे फिरकत नाही. माझं जुनं वेड पियानोवाल्यांचं. आपल्याकडे मैफलीच्या बातमीत पेटीवाल्याचं नाव शेवटच्या ओळीत येतं, तसंच यांचंही झालं.

लिल हार्डिन मेम्फिसची. शिकागोत स्वरलिपीच्या दुकानात गिऱ्हाइकांना नवी गाणी वाजवून दाखवायची नोकरी करत होती. तिथून किंग ऑलिव्हरच्या बँडमध्ये गेली. १९२२मध्ये तिथे आर्मस्ट्राँग आला, १९२४मध्ये दोघांनी लग्न केलं. ऑलिव्हरच्या सावलीत दुय्यम कॉर्नेट वाजवत बसू नकोस, हा धोशा तिनेच लावला. तो न्यूयॉर्कला फ्लेचर हेंडरसनच्या बँडमध्ये गेला. वर्षभराने तिने त्याला परत बोलावून शिकागोतल्या आपल्या बँडमध्ये घेतलं आणि ‘जगातला सर्वश्रेष्ठ ट्रम्पेटवादक’ अशी जाहिरात करवली. नवरा नुसता वाजवून मोठा होत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आर्मस्ट्राँगच्या ‘हॉट फाइव्ह’ या बँडच्या ध्वनिमुद्रणांत लिलचा पियानो बेताचाच आहे, असं एका जाणकाराने मला ऐकवलं होतं. अहो, त्या पाच जणांत ड्रम नाही, बास नाही! ठेक्याचा सगळा भार पियानो आणि बँजोवर. तो सुटला असता तर वरच्या भराऱ्या कशाच्या आधारावर घेतल्या असत्या? ‘स्ट्रटिन विथ सम बार्बेक्यू’ ही रचनाही लिलच्या नावावर आहे. पुढे घटस्फोट झाला. मध्यंतरी तिने शिवणकाम शिकून कपड्यांचे नमुनेही केले. जुलै १९७१मध्ये लुई गेला. ऑगस्टमध्ये शिकागोत त्याच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमात वाजवता वाजवता ती पियानोवरच कोसळली आणि गेली.

मेरी लू विल्यम्सची गोष्ट निराळी. बेनी गुडमन आणि एलिंग्टन यांच्यासाठी तिने बँडची मांडणी लिहून दिली. हार्लेममधल्या तिच्या घरी मंक, बड पॉवेल, गिलेस्पी जमत. याच मंडळींच्या बीबॉप या जाझशैलीचा इतिहास लिहिणारे क्लबांचे पत्ते देतात, या घराचा उल्लेख मात्र ओळीभर. १९५४मध्ये पॅरिसमध्ये ती कार्यक्रम सोडून उठली. पुढे कॅथलिक झाली, काही वर्षांनी मंचावर परतली आणि जाझमध्ये ‘मास’ म्हणजे चर्चमधल्या उपासनेचं संगीत रचलं.

आणि टेडी वेदरफोर्ड! शिकागोत तरुण अर्ल हाइन्सवर ज्याची छाप पडली तो हा पियानोवादक १९२६मध्ये आशियात निघून आला. शांघाय, मुंबईचं ताज, मग युद्धकाळात कलकत्त्याचं ग्रँड हॉटेल. अमेरिकेतल्या ग्रंथांतून तो जवळजवळ गळलाच; तिथे राहिला नाही, हाच गुन्हा. ताजमधल्या या अमेरिकी बँडांचं वाजवणं गोव्याच्या वादकांनी जवळून ऐकलं. त्या पिढीतला चिक चॉकलेट पुढे सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त (१९५१) दिसला, तेव्हा हिंदी चित्रपटसंगीतातल्या ब्रासचा उगम शोधणाऱ्यांनी कुलाब्यापासून सुरुवात करावी. वेदरफोर्ड १९४५मध्ये कलकत्त्यात पटकीने गेला. वय जेमतेम चाळिशीचं.

पूर्वी एलपीच्या पाकिटावर मागे बारीक अक्षरांत प्रत्येक वादकाचं नाव असे. आम्ही ते चष्मा पुसून वाचायचो. आता फोनवर गाणं वाजतं आणि खाली एकच नाव दिसतं. पियानो कुणाचा, हे विचारणाराही उरला नाही.

एक विनंती. वेदरफोर्डने कलकत्त्यात कोलंबियासाठी ध्वनिमुद्रणं केली होती. जुन्या बाजारात त्याच्या नावाची ७८ची तबकडी हाती आली तर चरे मोजत बसू नका, घेऊन टाका.