चातुर्मासाचा नेम आणि घरातील साखरेचा डबा

आषाढी एकादशी उजाडली की वरळीतील अनेक कुटुंबे वडाळ्याच्या विठ्ठलमंदिराची वाट धरतात. त्याच दिवशी चातुर्मासाचा आरंभ होतो. या चार महिन्यांसाठी काहीतरी वर्ज्य करण्याचा नेम आपल्या घरांतून पूर्वापार चालत आला आहे. कोणी कांदा-लसूण सोडतो, कोणी वांगे, तर कोणी एकभुक्त राहतो. यंदा हा नेम साखरेच्या डब्यापाशी घ्यावा, अशी आमची गृहिणींना व गृहस्थांना विनंती आहे.

हा विचार परंपरेला परका नाही. काशीनाथ उपाध्यायांच्या ‘धर्मसिंधू’ या ग्रंथात, चातुर्मासात गूळ वर्ज्य करणाऱ्यास स्वरमाधुर्य लाभते, असे फल सांगितले आहे. आज घरोघरी गुळाची जागा बव्हंशी साखरेने घेतली आहे. तेव्हा त्यागाची वस्तूही ओघानेच बदलावयास हवी.

चातुर्मास हा तर सणांचा हंगाम. नारळी पौर्णिमेस वरळी कोळीवाड्यात दर्याला नारळ अर्पण होतो, घरोघरी नारळीभात शिजतो. मागोमाग गणरायाचे मोदक आणि दिवाळीचा फराळ येतो. हा गोडवा कोणी हिरावून घेऊ नये. खरा दोष सणाच्या पानाकडे नाही, तो रोजच्या पेल्याकडे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचविल्याप्रमाणे वरून घातलेली साखर, गूळ व मध मिळून दिवसाकाठी सुमारे २५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सहा लहान चमच्यांच्या आत, राहिल्यास अधिक हितकर. दोन चमचे साखरेचा चहा चार वेळा घेतला की आठ चमचे होतात. बिस्किटे आणि सरबत त्याखेरीज! बाटलीबंद गोड पेयाच्या ३०० मिलिलिटरमध्येच बहुधा ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते. गूळ घातला म्हणजे बाधत नाही, हाही भ्रमच होय.

वरळीच्या बीडीडी चाळींतील जुन्या पिढीने गिरणीच्या भोंग्यावर दिवस काढले. पाळीभर साच्यांपुढे उभे राहणाऱ्या देहात गोड चहा जिरून जाई. आता ते भोंगे निमाले. ऑगस्ट २०२५ मध्ये येथील ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या. जिन्याची जागा उद्‌वाहकाने घेतली, उभ्याचे काम बैठे झाले; चहातील चमचे मात्र तेवढेच राहिले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १०.१ कोटी असल्याचा अंदाज आहे. मधुमेहाला साखर हे एकच कारण नव्हे. परंतु जास्तीच्या साखरेने वजन वाढते आणि वाढत्या वजनाबरोबर त्याचा धोकाही वाढतो.

अनेक घरांत एक धर्मसंकट उभे राहते. मधुमेही आजोबांपुढे प्रसादाचा पेढा येतो. ‘नाही’ म्हणावे तर देवाचा अवमान, घ्यावा तर देहाला अपाय! परंतु प्रसाद पोटाच्या मापाने घ्यावयाचा नसतो. कणभर घेऊन मस्तकी लावला तरी तो पूर्णच होय. गीतेच्या नवव्या अध्यायात भक्ताने अर्पण करावयाच्या ज्या साध्या वस्तू सांगितल्या आहेत, त्यांत फळ आहे, मिष्टान्न नाही. मग आरतीनंतर पेढ्याऐवजी केळ्याची वा पेरूची फोड हाती दिल्यास काय उणे पडेल?

नेम झेपेल असाच घ्यावा. दर पंधरवड्यास चहातील अर्धा चमचा कमी करावा. जीभ हळूहळू सरावते. मोदकाच्या सारणात गूळ थोडा आखडता घेऊन खोबरे वाढवावे. फळाचा रस काढण्यापेक्षा फळ चावून खावे. मुलांच्या डब्यात बिस्किटांऐवजी भाजलेले शेंगदाणे किंवा चणे द्यावेत. मधुमेहावर औषध वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र उपवास आणि आहारातील बदल वैद्यकीय सल्ल्यानेच करावेत. उपाशीपोटी औषध घेतल्यास रक्तातील साखर एकाएकी उतरण्याचे भय असते.

कार्तिकी एकादशीनंतर चातुर्मासाचा नेम सुटतो आणि वर्ज्य केलेल्या वस्तूचे दान करण्याची रीत आहे. यंदा वाचलेल्या साखरेच्या पैशांतून फळे घेऊन ती एखाद्या गरजू घरी पोहोचवावीत. नेम सुटला तरी डब्याचे झाकण मात्र पूर्वीइतक्या वेळा उघडू नये, एवढीच विठुरायाचरणी प्रार्थना!